आपल्या अपार्टमेंटचा इतिहास लिहिताना: कागद कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे

शांत वसाहतीबद्दल वर्तमानपत्रात काही छापून येत नाही. कोर्टकचेरी नाही, मोठा अपघात नाही, कुणी पुढारी राहायला नाही. म्हणून "आपल्याकडे लिहिण्यासारखं काय आहे" असं रहिवासीच म्हणतात. पण अशा प्रत्येक इमारतीचे कागद तलाठी, नगर भूमापन, दुय्यम निबंधक, महापालिकेचा बांधकाम विभाग, मिळकतकर, महावितरण आणि लिफ्ट निरीक्षक अशा अनेक दप्तरांत विखुरलेले असतात. ते गोळा करून तारखांनुसार लावले की तीस-चाळीस वर्षांचा सलग इतिहास हातात येतो. पुढे पुनर्विकासाची चर्चा निघाली, कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी रहिवाशांच्या नावे करून देणारा दस्त) रखडलेलं असलं किंवा सामाईक जागेवरून वाद झाला, तर हीच फाइल उपयोगी पडते.

इथे मुख्यतः पुण्यातलं अपार्टमेंट कंडोमिनियम डोळ्यांसमोर आहे, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली आलेली इमारत. तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर काही कागद वेगळे असतात, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

आधी एक वही, मग शोध

तीन-चार जणांचा गट पुरेसा आहे. एकाकडे सरकारी कार्यालयं, एकाकडे सोसायटीचं कपाट, एकाकडे मुलाखती. कामाला चार ते सहा महिने धरा. त्यातला बराचसा वेळ नकला मिळण्याची वाट पाहण्यात जातो.

पहिल्याच दिवशी स्प्रेडशीट किंवा साधी आखलेली वही घ्या आणि पाच रकाने पाडा: तारीख, घटना, पुरावा, पुरावा कुठे ठेवला आहे, खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच अक्षरं वापरा. मूळ कागद पाहिला असेल तर "क", दुसऱ्या कागदात उल्लेख असेल तर "ख", फक्त कुणी सांगितलं असेल तर "ग". या एका रकान्यामुळे पुढचे निम्मे वाद मिटतात. हा रकाना नसला की दोन महिन्यांनी ऐकीव माहिती आणि दस्तातली माहिती एकमेकांत मिसळते आणि पुन्हा वेगळी करता येत नाही.

इमारतीची जन्मतारीख एक नसते

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नकाशा मंजूर झाल्याची तारीख, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची तारीख, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, पहिल्या कुटुंबाने ताबा घेतल्याची तारीख, घोषणापत्राची (कंडोमिनियमचं डीड ऑफ डिक्लरेशन) किंवा संस्था नोंदणीची तारीख आणि जमीन नावावर झाल्याची तारीख, अशा सहा वेगवेगळ्या तारखा असतात. पहिली आणि शेवटची यांत वीस वर्षांचं अंतरही सापडतं.

यामागचं कारण समजून घ्या. मोफा म्हणून ओळखला जाणारा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा १९६३ चा. त्याच्या नियमांत किमान संख्येने खरेदीदार झाल्यावर चार महिन्यांत संस्था स्थापन करायची आणि त्यानंतर चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचं, अशी मुदत आहे. प्रत्यक्षात असंख्य बिल्डरांनी ते केलं नाही. म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, ते आलं आणि जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायची सोय झाली. तुमच्या फाइलमध्ये २००८ नंतरचा असा आदेश असेल तर त्याच्या आधीची वर्षं कशी गेली, तो इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

फलकावरची "स्थापना" सहसा नोंदणीची तारीख असते. रौप्यमहोत्सव कोणत्या तारखेपासून मोजायचा, हा प्रश्न हमखास येतो. आमचं मत असं की संस्थेचं वय नोंदणीपासून मोजावं आणि वसाहतीचं वय पहिल्या ताब्यापासून. पुस्तिकेत दोन्ही तारखा स्पष्ट द्याव्यात.

ताब्याची तारीख सापडत नसेल तर महावितरणच्या जुन्या बिलावरची पुरवठा तारीख पाहा. सामाईक मीटरची आणि सगळ्यांत आधी राहायला आलेल्या दोन-तीन घरांची तारीख मिळाली की अंदाज पक्का होतो. मिळकतकराची पहिली आकारणी कधीपासून झाली, हा दुसरा आधार.

जमिनीपासून सुरुवात करा

बहुतेक स्मरणिका बिल्डरपासून सुरू होतात. त्याआधीही त्या जागेवर कुणी राबत होतं, आणि ते शोधणं अवघड नाही.

खरेदीखतात किंवा घोषणापत्रात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर दिलेला असतो. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका मिळते. उपनगरांत इमारत उभी असूनही सातबारा चालू असलेला दिसतो. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर आजचा उतारा पाहा आणि जुन्या हस्तलिखित उताऱ्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. काही तालुक्यांचे जुने कागद सरकारच्या ई-अभिलेख संकेतस्थळावरही स्कॅन केलेले मिळतात.

सातबारावर फेरफार क्रमांक दिलेले असतात, जुन्या उताऱ्यांवर बहुधा वर्तुळात. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाची नोंद, वेगळी मागवा. वारसनोंद, वाटप, खरेदी, बोजा, सगळं तिथे कळतं. १९४८ च्या कूळकायद्यातली नोंद असेल तर जरा थांबा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाऊ लागलं आणि किंमत भरल्यावर कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. ज्या जमिनीवर आज तुमचं पार्किंग आहे, ती कुणी कसली आणि कशी मिळवली, हे या दोन-तीन ओळींत असतं. गाव नमुना बारामध्ये ज्वारी, बाजरी, ऊस असं पीकही लिहिलेलं सापडतं. मात्र तलाठी दप्तरात आदल्या वर्षीचं पीक तसंच पुढे उतरवलेलं अनेकदा दिसतं, म्हणून एकाच वर्षाच्या नोंदीवर विसंबू नका.

शेतांचे तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींचा मेळ घालणारा एकत्रीकरणाचा तक्ता मागितला नाही, तर तुम्ही शेजारच्याच शेताचा इतिहास लिहून बसाल. फार जुन्या नोंदी मोडीत असतात; त्या जाणकाराकडून वाचून घ्या आणि लिप्यंतर वहीत जोडा.

क्षेत्रफळाची एककं बदलताना काळजी घ्या. ४० गुंठ्यांचा एक एकर, एक गुंठा १,०८९ चौरस फूट. हेक्टर-आर पद्धतीत एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. दोन्ही आकडे जवळचे असल्यामुळे लोक गुंठा आणि आर एकच धरतात. मोठ्या भूखंडात हा फरक एका छोट्या फ्लॅटएवढा होतो.

शेतजमीन असेल तर बिनशेती परवानगीचा आदेश शोधा. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा (यूएलसी) लागू झाला. मोकळी जमीन ठेवण्याची मर्यादा मुंबईत ५०० आणि पुण्यात १,००० चौरस मीटर होती, आणि महाराष्ट्रात हा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला. या तीस वर्षांतल्या इमारतींच्या मागे यूएलसीचा आदेश बहुधा असतोच. जमीन त्या वेळी विकसनाला का निघाली आणि फ्लॅट लहान का ठेवले, याचं उत्तर पुष्कळदा त्या आदेशातल्या अटींत मिळतं.

हद्दही तपासा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्या गावांतल्या इमारतींची परवानगी महापालिकेकडे मूळची नसते. जिल्हाधिकारी, ग्रामपंचायत किंवा २०१५ नंतर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्याकडे शोधावं लागतं. मे २०१७ नंतर चालू असलेल्या प्रकल्पांसाठी महारेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी, नकाशे आणि पूर्णतेची तारीख पाहा.

घोषणापत्र नीट वाचा

कंडोमिनियमचा हा सर्वांत भरीव कागद. डीड ऑफ डिक्लरेशन दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असतं. त्यात जमिनीचं वर्णन, मजले, सदनिकांची संख्या, प्रत्येकीचं क्षेत्रफळ, सामाईक जागा, ठरावीक सदनिकांनाच वापरता येणाऱ्या मर्यादित सामाईक जागा, मालमत्तेचं मूल्य आणि प्रत्येक सदनिकेचा अविभक्त हिस्सा टक्केवारीत दिलेला असतो. सोबत नकाशे आणि उपविधी जोडलेले असतात. बिल्डरने इमारतीत काय द्यायचं कबूल केलं होतं, ते इथे कळतं. आज ती बाग कुठे गेली, हेही याच्याशी ताडून पाहता येतं.

टक्केवारीची बेरीज करा. ती १०० भरली नाही तर दुरुस्ती घोषणापत्र शोधा. मागाहून एखादी विंग, दुकानं किंवा वरचा मजला वाढला की हिस्से बदलतात, आणि पहिल्या घोषणापत्राची प्रत तेवढी कपाटात राहते. त्यानंतर प्रत्येक मालकाचं डीड ऑफ अपार्टमेंट (सदनिका त्याच्या नावे करणारा दस्त) आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, मिळवा. किती जणांनी ते कधीच केलेलं नाही, हेही याच वेळी उघडं पडतं; नावं न देता ती संख्या लिहून ठेवा.

सहकारी संस्था असेल तर याऐवजी नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधी, पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, "आय" नमुन्यातलं सभासद नोंदपुस्तक, "जे" नमुन्यातली यादी आणि भागदाखल्यांची (शेअर सर्टिफिकेटची) वही हे सहा कागद काढा. सहकार कायदा १९६० चा, अंमलात २६ जानेवारी १९६२ पासून. त्याआधीची संस्था असेल तर नोंदणी बहुधा मुंबई प्रांताच्या १९२५ च्या कायद्याखाली सापडेल. सहकारी घरबांधणी आपल्याकडे जुनी आहे; गावदेवीची सारस्वत संस्था १९१५ ची.

माहिती अधिकार कसा वापरायचा

महापालिकेतून मंजूर नकाशे आणि प्रमाणपत्रं मिळवण्याचा हा सरळ मार्ग. "नमुना अ" मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तराची मुदत ३० दिवस. छायाप्रत पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च. उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा मोघम मागणीमुळे. "आमच्या इमारतीची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. सर्व्हे नंबर, पेठ किंवा गाव, अंदाजे वर्षं आणि "प्रारंभ प्रमाणपत्राची व मंजूर नकाशाची प्रत" असं नेमकं लिहा. आधी अभिलेख पाहण्याची तारीख मागितली तर आणखी बरं. फाइल समोर बसून चाळता येते आणि हवी तीच पानं काढून घेता येतात. स्वतःच्या संस्थेकडे मात्र हा अर्ज चालत नाही. तिथे सहकार कायद्याखाली सभासद म्हणून कागद पाहायला मागा.

इतिवृत्तं आणि हिशेब

शांत वसाहतीचा खरा इतिहास इथे आहे. पाणी किती वेळ सोडायचं, गच्चीची गळती, टँकर, मोकळी कुत्री, रंगकाम, दुचाकी कुठे लावायच्या, गणपतीची वर्गणी. हे विषय क्षुल्लक समजून गाळू नका. एकत्र राहणारी माणसं कशावरून अडखळली आणि कशी वाट काढली, ते या ठरावांशिवाय दुसरीकडे लिहिलेलं नाही.

वाचताना प्रत्येक ठरावापुढे एक प्रश्न विचारा: काम झालं का? ठराव मंजूर होणं वेगळं आणि काम होणं वेगळं. समजा १९९४ च्या सभेत नवी जमिनीखालची टाकी मंजूर झाली. तर त्यापुढच्या तीन-चार वर्षांची व्हाउचर, ठेकेदाराचं बिल आणि लेखापरीक्षण अहवाल पाहा. ताळेबंदात सिंकिंग फंडाची (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीची) मुदतठेव एकदम उतरलेली दिसली की मोठी दुरुस्ती त्याच वर्षी झाली असं समजा आणि बिल शोधा. हे दोन फंड समजून घ्या: आदर्श उपविधीत सिंकिंग फंडाला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीला किमान ०.७५ टक्के सांगितले आहेत. किती वर्षं ते खरोखर गोळा झाले, याचा तक्ता पुस्तिकेत असावाच. पुढच्या पिढीला दुसऱ्या कुठल्याही पानापेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

जुने हिशेब वाचताना एक खाच लक्षात ठेवा. पूर्वी सहकारी वर्ष ३० जूनला संपत असे, त्यामुळे जुन्या अहवालातलं "१९७९-८०" जुलैत सुरू होतं. एप्रिल धरून चाललात तर घटना वर्षभर पुढेमागे सरकतात.

१९८२ पूर्वीच्या इमारतींत सिमेंटच्या परवान्यांचा पत्रव्यवहार सापडला तर जपून ठेवा. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं. त्याआधी परवान्यावर मिळेल तेवढ्यावर काम चालायचं. ताबा दोन वर्षं लांबला, याला अनेकदा हेच कारण असतं.

तारीख नसलेल्या कागदासाठी काही खुणा आहेत. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तेव्हा लेटरहेडवर पिन असेल तर कागद त्यानंतरचा. वीज मंडळाचं विभाजन जून २००५ मध्ये झालं, म्हणून महावितरणचं बोधचिन्ह असलेलं बिल त्यानंतरचं. लिफ्टचा परवाना मशीन रूममध्ये लावलेला असतो. त्यावरून लिफ्ट कधी सुरू झाली ते कळतं. स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवालही काढा. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा हवं. अहवालांतले फोटो म्हणजे इमारतीच्या तब्येतीची आयती नोंद.

माणसांशी बोलताना

सर्वांत आधी ऐंशीच्या पुढच्या रहिवाशांकडे जा, मग बाकीच्यांकडे. फक्त माजी अध्यक्ष-सचिवांना भेटून थांबू नका. जुने वॉचमन, प्लंबर, घरकाम करणाऱ्या बायका, इस्त्रीवाले, पेपरवाले यांना इमारत वेगळ्या बाजूने माहीत असते. पाण्याचा कोणता व्हॉल्व्ह कुठे पुरला आहे, हे प्लंबरशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

"तेव्हा कसं होतं?" असं विचारलं की "फार छान दिवस होते" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा: पहिल्या दिवशी पाणी कुठून आणलं? दूध कुठे मिळायचं? मुख्य रस्त्यापर्यंत चालायला किती वेळ लागायचा? टेलिफोन पहिल्यांदा कुणाकडे आला आणि निरोप कसे पोचायचे? कुंपण कधी घातलं, त्याआधी समोर काय दिसायचं?

वर्ष आठवत नसेल तर सगळ्यांना आठवणारी घटना पुढे ठेवा. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो जून १९८३. गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या तो २१ सप्टेंबर १९९५. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. "रंगकाम त्याच्या आधीचं की नंतरचं?" या प्रश्नाला माणसं खात्रीने उत्तर देतात. पुण्यात एखादी वसाहत पानशेतनंतर पूरग्रस्तांसाठी उभी राहिलेली असेल तर जमीनवाटपाचे सरकारी आदेश आणि आठवणी दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

मुलाखत पाऊण तासाची ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर, टेबलावर रुमाल घालून त्यावर, छताचा पंखा बंद. पंख्याच्या घरघरीने अर्धी रेकॉर्डिंग वाया जातात. सुरुवातीला तारीख आणि परवानगी रेकॉर्ड करा. छापण्याआधी त्यांचा मजकूर त्यांना वाचून दाखवा.

जागेचं बदलतं रूप दाखवायला गूगल अर्थवरच्या जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी उपयोगी आहे. शहरांची चित्रं साधारण २००० नंतरची सापडतात. त्याआधीसाठी रहिवाशांचे अल्बम मागा. वाढदिवसाच्या फोटोत माणसांच्या मागे काय दिसतं ते पाहा: मोकळं मैदान, विहीर, शेजारची बैठी घरं.

कागद हाताळताना

सोसायटीचं कपाट जिन्याखाली किंवा पंप रूमजवळ असतं, म्हणजे ओल ठरलेली. फायली बाहेर काढून गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल सावकाश काढा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही पुन्हा निघत नाहीत आणि कागद पिवळा पडतो. भिजलेली पानं उन्हात न वाळवता टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा. अमोनिया प्रिंटचे नकाशे उजेडात पुसट होतात, म्हणून ते सर्वांत आधी मोठ्या आकाराचं स्कॅनिंग करणाऱ्या दुकानात न्या. थर्मल कागदावरचे फॅक्स आणि पावत्या त्याच्या पाठोपाठ.

मजकुराला ३०० डीपीआय, फोटोंना ६००. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक इमारतीबाहेर.

लिहिणं

ए-५ आकाराची २८ किंवा ३२ पानं बास. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. क्रम तारखांचा ठेवा, पण प्रत्येक वर्षाला सारखी जागा देऊ नका. ज्या दोन वर्षांत पाण्याची लाइन आली आणि गच्ची दुरुस्त झाली त्यांना चार पानं द्या. शांत गेलेल्या पाच वर्षांना एक परिच्छेद.

थकबाकी, वसुलीची प्रकरणं, घरगुती भांडणं, भाडेकरूंचे वाद यांत नाव आणि सदनिका क्रमांक दोन्ही गाळा. लहान इमारतीत "तिसऱ्या मजल्यावरचे" एवढंही पुरतं. वाद लपवायचा नाही. तो कशावरून झाला, किती चालला, कोणत्या ठरावाने मिटला, एवढं लिहा. "ग" खात्रीची गोष्ट छापायचीच असेल तर "रहिवाशांच्या आठवणीप्रमाणे" असं स्पष्ट म्हणा. देणगीदारांची यादी आणि शुभेच्छांची पानं शेवटी टाका, नाहीतर निम्मी पुस्तिका त्यांतच जाते.

कच्चा मजकूर वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी सूचनाफलकावर लावा आणि दुरुस्त्या लेखी मागवा, पुराव्यासह. छापल्यावर एक प्रत आणि स्कॅनची ड्राइव्ह भागातल्या ग्रंथालयाला द्या. तारखांची वही बंद करू नका: दर वार्षिक सभेनंतर सचिवाने त्या वर्षाच्या पाच-सहा ओळी भराव्यात, आणि नव्या समितीला दप्तर सोपवताना ताबा-यादीत या वहीचा स्वतंत्र क्रमांक असावा.